जंगलातून आल्यानंतरचा ताप

दिवाळीची सुटी जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, चार दिवस जंगल बघायला निघालोय. बरोबर कुठली औषधं ठेवू?" पूर्वी या प्रश्नाचे उत्तर मी दोन मिनिटांत देत असे. तापाच्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या, मीठ-साखरेची पाकिटे, कापूस, पट्टी, मलम अशी यादी लिहून दिली की काम झाले. यादी मी आजही देतो. परंतु आता तिच्या खाली एक वाक्य लिहितो आणि त्याखाली दोन रेघा ओढतो. ते वाक्य लिहायला मला माझ्याच एका चुकीने शिकवले. ती हकिगत आज वाचकांना सांगणार आहे. त्या निमित्ताने जंगलात नेमके कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये, हेही पाहू.

पाऊस आणि पानांचे छप्पर

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही चौघे कर्नाटकातील आगुंबे येथे गेलो होतो. मी, माझी पत्नी, आमच्या शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी. मुख्याध्यापकांना सारे गाव गुरुजी म्हणते. मीही म्हणतो, कारण पाचवीत त्यांच्या हातच्या छड्या मी खाल्ल्या आहेत. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणतो.

कोकण रेल्वेने उडुपीला उतरलो आणि तेथून बसने हेब्रीमार्गे आगुंब्याला निघालो. अंतर साधारण ५५ किलोमीटरचे, पण शेवटचा टप्पा नागमोडी घाटाचा आहे. घाट चढता चढता हवा बदलते, रस्त्यावर झाडांची कमान होते आणि भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखे वाटू लागते. शिवमोगा जिल्ह्यातील हे छोटे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटर उंचीवर आहे. येथे वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या कोकणातला पाऊस काही थोडा नव्हे, पण त्याच्याही दुपटीने हा पाऊस आहे. म्हणूनच आगुंब्याला दक्षिणेची चेरापुंजी म्हणतात. दूरदर्शनवर पूर्वी लागणारी 'मालगुडी डेज' ही मालिका अनेकांना आठवत असेल. शंकर नाग यांनी तिचे पुष्कळसे चित्रीकरण याच गावात केले होते.

आगुंब्याभोवतीचे राखीव जंगल आणि शेजारचे सोमेश्वर अभयारण्य हे सदाहरित वर्षावन आहे. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत या जंगलाचाही समावेश आहे. वनखात्याची परवानगी आणि गावातला एक वाटाड्या घेऊन आम्ही दोन दिवस तेथे फिरलो. काय काय पाहिले म्हणून सांगू! आपला राज्यप्राणी शेकरू तेथे या फांदीवरून त्या फांदीवर झेपावताना दिसला. धनेश पक्षी डोक्यावरून गेला तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज एखाद्या इंजिनाने वाफ सोडावी तसा ऐकू आला. खोडावर चिकटलेला उडता सरडा वाटाड्याने बोट दाखवूनही गुरुजींना दिसेना. अखेर त्याने कडेची कातडी पंखासारखी पसरून दुसऱ्या झाडावर झेप घेतली, तेव्हा गुरुजी लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले. संध्याकाळी घाटमाथ्यावरून थेट अरबी समुद्रात बुडणारा सूर्य पाहिला.

आता थोडे डॉक्टरच्या नजरेने. वर्षावनात झाडांचे मजले असतात. उंच वृक्ष, त्याखाली मध्यम झाडे, त्याखाली वेत, झुडपे, वेली. या छपरातून सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत फारच थोडा पोहोचतो. खाली कुजलेल्या पानांचा ओला थर साचतो आणि तो पावसाळा संपल्यावरही अनेक दिवस सुकत नाही. हवेत इतकी वाफ असते की अंगावरचा घाम वाळत नाही. घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. सावलीत चालत असूनही माणूस थकतो, त्याचे डोके दुखते आणि सावलीत असल्यामुळे त्याला तहान लागल्याचे भानही राहत नाही. म्हणून जंगलात तहानेची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. पाणी घरून नेलेले किंवा उकळलेले असावे. झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये. पाण्याला तोंड लावून तर मुळीच पिऊ नये. लहान जळवा नाका-घशात शिरल्याची उदाहरणे आहेत.

जळवा : भीती मोठी, धोका लहान

पहिल्या दिवशी अर्ध्या तासात आम्हा चौघांच्या पायांवर जळवा चढल्या. काकू घाबरून गेल्या. "अहो, रक्त थांबतच नाही हो!" असे म्हणत त्यांनी अर्धी बाटली पाणी पायावर ओतले.

रक्त थांबत नाही याचे कारण साधे आहे. जळू चावताना आपल्या लाळेतून रक्त गोठू न देणारे द्रव्य जखमेत सोडते. ती गळून पडली तरी त्या द्रव्याचा परिणाम काही वेळ राहतो. त्यामुळे तासभर किंवा त्याहून अधिक वेळ रक्त झिरपते. दिसायला ते पुष्कळ दिसते, प्रत्यक्षात चमचाभरही नसते. आपल्या आयुर्वेदाने तर याच गुणाचा उपयोग करून घेतला; सुश्रुताने जलौकांनी रक्तमोक्षण कसे करावे हे सविस्तर सांगितले आहे.

जळू ओढून काढू नये. नख किंवा एखादे कार्ड कातडीला सपाट टेकवून तिच्या निमुळत्या टोकाखाली सरकवावे, म्हणजे ती सुटते. मीठ, तंबाखू, चुना किंवा पेटती काडी लावण्याची चाल आहे. त्याने जळू सुटते हे खरे, पण सुटताना ती पोटातले जखमेत ओकण्याची शक्यता असते. जागा साबणाने धुवावी, स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटे दाबून धरावी आणि नंतर खाजवू नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी व मधुमेहींनी मात्र विशेष काळजी घ्यावी. पहिल्यांना रक्तस्राव अधिक वेळ होतो, दुसऱ्यांची जखम चिघळू शकते.

साप : अंतर ठेवा, उपचार करू नका

आगुंबे हे नागराजाचे, म्हणजे किंग कोब्राचे प्रसिद्ध ठिकाण आहे. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ साली येथे वर्षावन संशोधन केंद्र सुरू केले, ते याच सापामुळे. जगातील विषारी सापांत सर्वांत लांब असा हा साप प्रामुख्याने दुसरे साप खाऊन जगतो. पालापाचोळा गोळा करून अंड्यांसाठी घरटे बांधणारा असा दुसरा साप नाही. आम्हाला काही त्याचे दर्शन झाले नाही. वेलीवर वेटोळे घालून बसलेला एक हिरवा मलबारी चापडा तेवढा दिसला, तोही वाटाड्याने दाखवला म्हणून. माझा हात त्याच्यापासून दोन वितींवर होता.

येथे एक गोष्ट वाचकांनी नीट समजून घ्यावी. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार केलेली असते. नागराज आणि चापडे यांच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. याचा अर्थ दवाखान्यात जाऊन उपयोग नाही असा मात्र नव्हे. श्वास चालू ठेवणे, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवणे, रक्त देणे हे सर्व रुग्णालयातच होते आणि त्यानेच प्राण वाचतात. दंश कोणत्या सापाचा हे आपण ठरवू नये, ते डॉक्टरांवर सोपवावे.

दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. मांत्रिकाकडे तर जाऊच नये. माणसाला धीर द्यावा, अंगठी, पैंजण, बूट काढावेत, दंश झालेला अवयव हाड मोडल्यावर बांधतात तसा फळीने स्थिर करावा आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. सापाला मारून बरोबर नेण्याच्या नादात दुसरा दंश झाल्याची उदाहरणे आहेत. शक्य झाल्यास लांबून फोटो घ्यावा, नाहीतर तोही नको. मुळात आधार म्हणून हात टेकण्यापूर्वी आणि ओंडका ओलांडण्यापूर्वी पाहावे, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये.

गोचीड आणि माकडताप

जळू दिसते, साप दिसला की आपण सावध होतो. खरी अडचण आहे ती न दिसणाऱ्यांची.

ज्या शिवमोगा जिल्ह्यात आगुंबे आहे, त्याच जिल्ह्यात क्यासनूर नावाचे गाव आहे. १९५७ साली त्या परिसरात माणसांना एकाएकी तीव्र ताप येऊ लागला आणि त्याच वेळी जंगलात माकडे मरून पडू लागली. माणसे आणि माकडे बरोबरीने दगावतात म्हटल्यावर पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन शोध घेतला. पीतज्वर नव्हता, पण एक नवाच विषाणू सापडला. त्याला गावाच्या नावावरून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. आपल्याकडे तो माकडताप या नावाने ओळखला जातो.

नाव माकडताप असले तरी माकड चावून तो होत नाही. तो पसरवते गोचीड. आजारी माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पडतात आणि तेथून जाणाऱ्या माणसाला किंवा गुराला चिकटतात. माणसाला चावते ती बहुधा गोचिडीची लहान अवस्था, जेमतेम तिळाएवढी. नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत तिचा सुळसुळाट असतो. लागण झाल्यावर ३ ते ८ दिवसांत थंडी वाजून ताप, असह्य डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते. काहींना नाक-हिरड्यांतून रक्त येते. दर शंभर रुग्णांत साधारण ३ ते ५ जण दगावतात. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही. पूर्वी कर्नाटकात यावर लस दिली जात असे. परंतु ती पुरेशी प्रभावी नसल्याने २०२२ साली बंद करण्यात आली. खास असे औषधही नाही. वेळेवर रुग्णालयात दाखल होऊन केलेली शुश्रूषा हाच उपचार.

"ते कर्नाटकात, आपल्याला काय त्याचे?" असे कोणी म्हणेल. २०१५ साली हा ताप गोव्यात सत्तरी तालुक्यात आला आणि २०१६ साली आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात. काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करणाऱ्या माणसांना तो झाला. तेव्हा रानात माकड मरून पडलेले दिसले तर हात लावू नये, तेथे थांबू नये आणि वनखात्याला अथवा आरोग्य केंद्राला कळवावे.

गुरुजींचा ताप

आता मूळ हकिगत. दुसऱ्या दिवशी जंगलात शिरताना मी सर्वांना पँट मोज्यांत खोचायला सांगितली. गुरुजी लेंगा घालून आले होते. ते हसून म्हणाले, "डॉक्टर, शाळेच्या सहलीत चाळीस वर्षं हाच लेंगा घालून डोंगर चढलोय." माझ्या पाचवीतल्या मास्तरांना मी काय सांगणार? गप्प बसलो. दुपारी जंगलाच्या कडेला, गवत आणि झुडपे होती तेथे, गुरुजींनी पंचा अंथरला आणि अर्धा तास छान झोप काढली. मी त्यांचा झोपलेला फोटोही काढला.

परत आल्यावर नवव्या दिवशी गुरुजींना ताप आला. थंडी, डोकेदुखी, अंगदुखी. गावात त्या दिवसांत घरोघरी ताप होता. मी तपासले, साध्या तापाच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी ताप १०३. रक्त तपासले. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, प्लेटलेट मात्र कमी. "विषाणूजन्य ताप असेल, उतरेल," असे मी सांगितले. पाचव्या दिवशी काकूंचा निरोप आला, "हे काहीतरी असंबद्ध बोलताहेत, धापही लागलीय."

मी धावत गेलो. जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यायचे ठरले. काकू त्यांचे कपडे बदलत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "कमरेला हे काय भाजल्यासारखं झालंय बघा. लेंग्याची नाडी घासली असेल." मी वाकून पाहिले. नाडीच्या रेघेत चण्याच्या डाळीएवढी काळी खपली होती, भोवती लालसर कडे. सिगारेटचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून त्यांनीही कधी सांगितली नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयात असताना ती खपली मी पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. मला तेथेच घाम फुटला.

हा होता स्क्रब टायफस. झुडपांत व गवतात राहणारा चिगर नावाचा एक अतिसूक्ष्म जीव असतो. गोचिडीचाच दूरचा भाऊबंद म्हणा ना. त्याची अळी नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. ती उंदरांवर जगते आणि माणूस गवतात बसला की त्याच्या अंगावर चढते. कपडा जेथे घट्ट बसतो तेथे, म्हणजे कमर, जांघ, काख, स्तनांखाली, गुडघ्यामागे ती चावते. चावल्याचे कळतही नाही. तिच्यातले जंतू अंगात शिरले की ६ ते २१ दिवसांत ताप येतो. वेळेवर ओळखला तर अगदी स्वस्त औषधाने बरा होणारा हा ताप आहे. न ओळखल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर परिणाम होऊन माणूस दगावतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-आसामच्या आघाडीवर हजारो सैनिकांना त्याने आडवे केले. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात त्याची मोठी साथ आली आणि त्यात मृत्यूही झाले.

रुग्णालयात मी त्या खपलीबद्दल सांगितले. तपासणीचा अहवाल यायची वाट न पाहता तेथील डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन सुरू केले. दोन रात्री काकू बाकावर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि गुरुजींनी चहा मागितला. पुढे अहवालही तोच आला.

गुरुजी वाचले. पण माझे काय? जंगलात मी त्यांच्याबरोबर होतो. ते गवतावर झोपलेले मी पाहिले होते, फोटो काढला होता. तरीही ताप आल्यावर 'गेल्या महिन्यात आपण कोठे गेलो होतो?' हा प्रश्न ना मी त्यांना विचारला, ना स्वतःला. सहल संपली, फोटो पाहून झाले आणि माझ्या डोक्यातून जंगल निघून गेले. शिवाय मास्तरांना सदरा-लेंगा काढायला सांगण्याचा संकोच केला. रुग्णाला नीट उघडे करून तपासले असते तर दोन दिवस आधीच रोग सापडला असता. जो डॉक्टर बरोबर होता त्याच्याही हे लक्षात आले नाही, तर जो बरोबर नव्हता त्याच्या लक्षात कसे यावे?

जाण्यापूर्वी

धनुर्वाताचे इंजेक्शन वेळच्या वेळी झाले आहे ना, हे पाहावे. रक्तदाब, मधुमेह, दमा यांची नेहमीची औषधे दोन दिवस जास्तीची न्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच निघावे. ज्या जंगलात जाणार त्याच्या जवळचे मोठे रुग्णालय कोठे आहे हे आधी माहीत करून घ्यावे. आगुंब्याहून घाट उतरला की मणिपाल आहे. सगळीकडे असे सुदैव नसते. अंगभर, फिक्या रंगाचे कपडे न्यावेत, कारण फिक्या कापडावर गोचीड चटकन दिसते.

फिरताना

लाज न बाळगता पँट मोज्यांत खोचावी. उघड्या त्वचेवर आणि मोज्यांवर कीटक पळवणारे मलम किंवा तेल लावावे आणि घामाने गेले की पुन्हा लावावे. गवतावर थेट बसू नये, झोपू तर नयेच. बसायला जाड प्लॅस्टिक न्यावे. झुडपांवर कपडे वाळत घालू नयेत. माकडांना खायला देऊ नये. माकड चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा. धबधब्याखालचे खडक शेवाळाने साबणासारखे झालेले असतात. जंगलात गेलेल्यांपैकी साप चावून आलेला रुग्ण माझ्याकडे आजवर आलेला नाही. घसरून हात-पाय मोडलेले मात्र दरवर्षी येतात.

परतल्यावर

मुक्कामाला आल्याबरोबर साबण लावून आंघोळ करावी आणि घातलेले कपडे गरम पाण्यात टाकावेत. आंघोळीच्या वेळी काख, जांघ, कमर, कानामागे, गुडघ्यामागे नीट पाहावे. मुलांचे आईने पाहावे, नवऱ्याचे बायकोने आणि बायकोचे नवऱ्याने. गोचीड चिकटलेली सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ वर ओढावी. चिरडू नये, तिच्यावर रॉकेल ओतू नये, तिला चटका देऊ नये. नंतर जागा आणि हात साबणाने धुवावेत. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, नाहीतर चिखल्या होतात.

आणि ताप आलाच तर? दिवस मोजावेत. माकडताप ३ ते ८ दिवसांत येतो, डेंग्यू साधारण ४ ते १० दिवसांत, स्क्रब टायफस ६ ते २१ दिवसांत. ओढ्या-डबक्यांच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत येतो, पण महिनाही लागू शकतो. मलेरियाला किमान आठवडा लागतो आणि त्याचा एक प्रकार कित्येक महिन्यांनीही डोके वर काढतो. म्हणजे सहलीच्या दुसऱ्या दिवशी आपण ठणठणीत आहोत याला काही अर्थ नाही. निदान महिनाभर लक्ष ठेवायला हवे. काळी खपली दिसली तर लगेच दाखवावी. ती प्रत्येक रुग्णात सापडतेच असे नाही, त्यामुळे खपली नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. मी वर औषधाचे नाव लिहिले आहे, ते दुकानातून आणून स्वतः घेण्यासाठी नव्हे. गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी औषध निवडताना डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागतो.

हे सारे केवळ सहलीला जाणाऱ्यांसाठी आहे असेही समजू नये. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे गवत कापणी चालते. माळावर गुरे राखणारे, काजू-आंब्याच्या बागेत बेणणी करणारे, लाकूडफाटा आणणाऱ्या बाया हे सर्व रोज त्याच गवतात असतात. त्यांच्या सहलीचे फोटो कोणी काढत नाही. पण चिगरला ते आणि पर्यटक सारखेच. त्यांना ताप आला तर घरच्यांनी हे ध्यानात ठेवावे.

गुरुजी आता पंच्याहत्तरीचे झाले आहेत. मागच्या वर्षी त्यांनी पुन्हा आगुंब्याचा बेत काढला. मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी पँट आणि लांब मोजे दाखवले. जंगल आहे तसेच राहणार, जळवा आणि गोचिडीही राहणार, आणि त्यांच्या भीतीने धनेशाच्या पंखांचा आवाज ऐकायचे सोडून द्यावे असे मला मुळीच वाटत नाही. जरूर जावे. परतल्यावर महिन्याभरात ताप आला तर मात्र, डॉक्टरांनी विचारले नाही तरी, आपण होऊन एवढे सांगावे. माझ्या यादीच्या तळाशी दोन रेघा मारलेले वाक्य तेच आहे :

"डॉक्टर, मी जंगलात जाऊन आलो आहे."